फलक कुणाच्या भिंतीवर

वाचनालय चालवणाऱ्या माणसाकडे पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकं लोक परत आणत नाहीत, किस्से मात्र न मागता आणून देतात. मी आमच्या वाचनालयाचा सचिव. गाव कळसच्या अलीकडं, पाटाच्या कडेला. मागं आम्ही एका लेखकाच्या नावाचा फलक लावायचं ठरवलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

लेखक फार मोठे आहेत, त्यांचं नाव इथं घेत नाही. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यामुळं लहानपणी दोन-तीन वर्षं त्यांचं बिऱ्हाड आमच्या गावात होतं. एवढंच काय ते नातं. पण आमच्यासारख्या गावाला एवढं पुष्कळ झालं.

*

पहिल्या बैठकीत मी विचारलं, त्यांचं पुस्तक कुणी वाचलंय का. समितीत आम्ही पाच जण. चौघांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीबाहेर.

वाचनालयात एकच प्रत होती. रजिस्टर काढलं तर ती नऊ वर्षांपासून आमचे अध्यक्ष विठ्ठलआबा यांच्याच घरी! आबा सोसायटीचे माजी चेअरमन, पाटाखाली सगळा ऊस. त्यांनी घरी फोन लावला. सुनेनं पुस्तक आणून दिलं, पण आधी त्यातलं रेशनकार्ड काढून घेतलं. कार्डाला घडी पडू नये म्हणून तिनं ते पुस्तक जपून ठेवलं होतं.

सगळं पुस्तक चाळलं तेव्हा आमच्या गावावर दीड ओळ सापडली. पाटाकडेच्या त्या गावात जी भाकरी खाल्ली, तिची चव पुन्हा मिळाली नाही, असं काहीतरी. आबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"भाकरी कुणाच्या घरची, त्ये न्हाय लिवलं?"

सगळं महाभारत तिथून सुरू झालं.

*

आबांचं म्हणणं, बिऱ्हाड त्यांच्या माडीवर होतं. त्यांचे वडील मरेपर्यंत हे अभिमानानं सांगत.

आमचे खजिनदार रज्जाकभाई तांबोळी, स्टँडजवळ किराणा दुकान. ते बैठकीत कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले, की बिऱ्हाड आमच्या पुढच्या खोलीत होतं. दोन्ही घरं पाटाकडेला, मध्ये फक्त एक बोळ.

आबा म्हणाले, आपला बाप खोटं बोलणारा नव्हता. रज्जाकभाई म्हणाले, माझी आई जिवंत आहे, तिलाच विचारा.

मग आम्ही सगळे हलिमाचाचीकडं गेलो. नव्वदीला टेकलेली बाई, दारात मेथी निवडत बसली होती. त्या वेळी ती नुकती लग्न होऊन आली होती आणि कारकुनाचं पोर दिवसभर तिच्या चुलीपाशी असायचं, म्हणे. पुरावा काय, असं आबांनी विचारल्यावर ती हसली. पाटावरल्या कारकुनाच्या पोराचा कागद कोण करून ठेवणार?

"दगुड लावा न्हायतर न्हाई लावा," ती म्हणाली, "पण त्ये पोरगं माज्या हातचं जेवलंय, येवढं खोटं पाडू नका."



*

शेवटी थेट लेखकांनाच फोन केला. स्पीकर सुरू, पाच डोकी मोबाइलवर वाकलेली. म्हातारा माणूस, प्रामाणिकपणे म्हणाला, "सत्तरेक वर्षं झाली हो. घर नाही आठवत. पाटाच्या पाण्याचा आवाज आठवतो."

आवाज दोन्ही घरांत येतो.

मग आम्ही काय करावं? मतदान! लेखक लहानपणी कुठं राहिला, हे हात वर करून ठरवणारं आमचं गाव पहिलंच असेल. तीन विरुद्ध दोन, आबांची भिंत. तिसरा हात माझा होता. वाचनालयाची जागा आबांनी दिलेली आहे. कारण विचाराल तर एवढंच, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

ठराव रज्जाकभाईंनीच लिहिला. अक्षर त्यांचं चांगलं आहे.

*

दगड बारामतीत करायला टाकला. कारागीर पिढीजात, मंदिराच्या पायरीपासून कबरीच्या दगडापर्यंत सगळं त्याच्याकडं. मजकूर वाचून त्यानं पहिला प्रश्न केला, यातलं वारलेलं कोण?

मी सांगितलं, कुणीच नाही. त्याला ते पटलं नसावं. दगड घ्यायला गेलो तर लेखकांच्या नावामागं ठसठशीत 'कै.'! आणि समारंभाला उरलेले दोन दिवस, त्यात लेखक स्वतः येणार.

कारागीर अजिबात ओशाळला नाही. त्यानं मला दुकानातले सगळे दगड दाखवले. "जित्या माणसाचं नाव खाली असतंय, शुभहस्ते म्हणून. वरचं नाव कायम गेलेल्याचं. तुमीच उलटं केलंय."

त्याचंही बरोबर होतं. नवा दगड समारंभाच्या दिवशी सकाळी मिळाला.

*

गवंडी सुभाषनं घाईघाईनं दगड आबांच्या भिंतीत बसवला. वर पडदा, खाली रांगोळी, मांडवात सगळं गाव. हलिमाचाची आली नव्हती. रज्जाकभाई सतरंज्या सारख्या करत होते, मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो.

लेखक गाडीतून उतरले. आबांनी हार घातला, माडी दाखवली. लेखक मान वर करून बघत राहिले आणि नुसते "हो का, हो का" म्हणाले. मग म्हणाले, जरा पाट बघून येतो. काठी टेकत बोळातून निघाले. आबा, मी, रज्जाकभाई मागं.

तांबोळ्यांचं दार उघडं होतं. लेखक थांबले. कुणाला काही न विचारता चपला काढल्या आणि आत शिरताना त्यांनी उजवा पाय चांगला हातभर वर उचलला. सपाट फरशीवर! तोल गेला, रज्जाकभाईंनी धावत जाऊन धरलं.

आत खाटेवर हलिमाचाची बसली होती. ती उठली नाही. बराच वेळ त्यांच्या पायाकडं बघत राहिली.

"उंबरा काढला रं बाबा," ती म्हणाली. "ह्याला मोटरसायकल आत घ्याया येत न्हवती."

लेखक तिच्यापाशी खाली, फरशीवरच बसले.

आबा दाराबाहेर उभे होते. फेटा काढून त्यांनी काखेत घेतला, एकटेच मांडवाकडं परतले. मी मागोमाग गेलो. माइकवाला, सरपंच, सगळे त्यांच्याकडं बघत होते. आबा सरळ भिंतीपाशी गेले, पडद्याखाली हात घालून त्यांनी दगडाच्या कडेला बोट लावून पाहिलं.

"सुभाष," ते म्हणाले, "शिमिट वलं हाय तवर काढ."