गाडी सोडून जायचं नसतं

चांगल्या चालणाऱ्या गाडीचे किस्से होत नाहीत. बसलो, पोचलो, संपलं. आमच्या घरगाडीचे मात्र इतके साठलेत, की इस्लामपुरात कुणी चहाला बसवलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मिलिंदा, या टायमाला कुठं बंद पडली?"

घरगाडी म्हणजे एका शाळेची म्हातारी मिनीबस. माझा दोस्त इरफान ट्रकच्या बॉड्या बांधतो, मी शेजारच्या शेडमध्ये वायरिंग करतो. दोघांनी मिळून बसमधली बाकडी काढली आणि आत पलंग, शेगडी, बेसिन, पंखा असं सगळं बसवलं. एवढा खटाटोप कशासाठी? इरफानच्या आईसाठी, मुमताजचाचींसाठी.

इरफानचे वडील दस्तगीरचाचा. जन्मभर ट्रक चालवला. ईद असो, घरचं लग्न असो, ऐन वेळी कुठल्यातरी नाक्यावरून फोन यायचा, "गाडी बंद पडलीया. सोडून येता येत न्हाई." बंद पडलेली गाडी सोडून ड्रायव्हरनं हलायचं नाही, हा त्यांचा नेम. थोरल्या लेकीच्या निकाहला चाचा पोचले तेव्हा मंडपवाला कापड गुंडाळत होता.

चाचींचं मागणं एकच. एकदा ह्यांच्या शेजारी बसून पाचगणी बघायची. एसटीनं त्या कधीही जाऊन आल्या असत्या, पण त्यांना ह्यांच्याबरोबरच जायचं होतं. आता चाचांचे गुडघे गेलेत, मधेमधे आडवं व्हावं लागतं, म्हणून पलंगवाली गाडी. सकाळी निघालं तर दुपारचं जेवण पाचगणीत व्हावं, एवढाच रस्ता. आमचा अख्खा हिवाळा त्यात गेला.

* * *

पहिल्या खेपेला सगळी गल्ली निरोप द्यायला आली. गाडी गावाबाहेर जेमतेम पेठ नाक्यापर्यंत गेली आणि रेडिएटरचा पाइप फुटला.

मी म्हटलं, पाइप आणेपर्यंत घरी जाऊन जेवून येऊ. चाचा ढिम्म. "गाडी सोडून जायचं नसतं." मग सकाळी ज्यांनी निरोप दिला, तेच लोक दुपारी मोटरसायकलवरून डबे घेऊन आले. जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा निरोप दिला. नवा पाइप काही बसला नाही, आणि दिवस मावळता ट्रॅक्टरनं आम्हाला ओढून गल्लीत आणून सोडलं.

दारात बसलेल्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लय लवकर आलासा. पाचगणी आवडली न्हाई व्हय?"

* * *

दुसऱ्या खेपेला चाचींना आधी कडेगावला बहिणीला भेटायचं होतं. कडेगावच्या अलीकडं एका वस्तीपाशी गाडी आचके देऊन थांबली. चाचांनी चाकामागं दगड लावले, मागं रस्त्यावर झाडाची फांदी टाकली आणि इरफान गाडीखाली शिरला.

मी येरझाऱ्या घालत होतो. बंद गाडीपाशी स्वस्थ बसणं मला जमतच नाही. फिरून आलो तर दारापाशी ही लाइन! पांढरी गाडी, खिडकीला पडदे, आत पलंग आणि बेसिन बघून लोकांना वाटलं, दवाखान्याची फिरती गाडी आली. एक आजोबा तर बाही वर करून पलंगावर आडवेसुद्धा झाले होते. शेजारी चाची लिंबू सरबत करत बसलेल्या.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की ही राहायची गाडी आहे, इथं काही तपासत नाहीत. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, शुगर ऱ्हाऊ द्या. बीपी तरी बघा."

शेवटी त्याच लाइननं गाडीला धक्का दिला. गाडी चालू झाली, पण ती फक्त बहिणीच्या दारापर्यंत. पुढं जायची हिंमत कुणाचीच झाली नाही.

* * *

तिसरी खेप मला आठवली तरी अजून अंगावर येते. ऐन गळिताचा हंगाम. उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत, बरोबर मधोमध, आमचं इंजिन गेलं. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं दया येऊन ट्रॉलीला दोर बांधला आणि आम्हाला ओढायला सुरुवात केली. आम्ही खूश. पण त्याला जायचं होतं कारखान्यात! मधे सोड म्हणावं तर मागच्या ट्रॉल्यांचे हॉर्न.

त्याच्या मागोमाग आम्ही कारखान्याच्या वजनकाट्यावर चढलो. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "ऊस कुठाय?"

इरफाननं हात जोडले. मागं फिरायला जागा नव्हती, पुढं ऊस टाकायची गव्हाण होती. चाची खिडकीतून ते सगळं बघत म्हणाल्या, "पाचगणी म्हणली हुती मी. कारखाना न्हवं."

आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत. परतीच्या वाटेवर मला पहिल्यांदा धास्ती वाटली, की हे दोघं जाणार कधी? गुडघे काही वाट बघत नाहीत.

* * *

चौथ्या खेपेला साताऱ्याच्या पुढं टायर बसलं. चाचा दगड, फांदी, जॅक अशा आपल्या नेमाच्या कामाला लागले. चाची रस्त्याकडेला उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

मला म्हणाल्या, "मिलिंदा, मला वाटायचं ह्ये खोटं बोलत्यात. फोन आला की म्हणायची, बसलं आसतील कुठल्यातरी ढाब्यावर." मग म्हणाल्या, "उनात आसं एकटंच बसत हुते व्हय रं?"

मी उगीचच टायरला लाथ मारून आलो.

टायर बदललं. वाई गेली. पसरणीचा घाट सुरू झाला आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. निम्म्या घाटात इंजिन खोकललं आणि मेलं.

मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात वरच्या बाजूचा एक स्ट्रॉबेरीवाला शेतकरी जीप घेऊन आला. दोन माणसांची जागा आहे म्हणाला. चाचा लगेच चाचींना म्हणाले, "तू जा, बघून ये. इरफानला ने संगं. मी हाय गाडीपाशी."

चाची जीपमध्ये बसल्या. इरफान चढायला लागला, तसा त्याच्यापुढं त्यांनी हात आडवा धरला.

"आवं," त्या चाचांना म्हणाल्या, "जलमभर तुमी बसलासा गाडीपाशी. आज पोरं बसतील."

चाचा गाडीकडं बघत राहिले. मग चाकामागचे दगड पुन्हा एकदा पायानं दाबून पाहिले, चावी माझ्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात ठेवून जीपमध्ये चढले.

इरफाननं डिझेलच्या पाइपमधली हवा काढली. चाचांना जाऊन फार वेळ झाला नसेल, आणि गाडी अशी चालू झाली, जशी कधी बंद पडलीच नव्हती. मी आनंदानं फोन लावला, "चाचा, झाली चालू! येऊ का वर तुमाला न्यायला?"

पलीकडून चाचा मोठ्यांदा म्हणाले, "बंदच हाय म्हणतोस? आर्र. मग आज आमाला हितंच ऱ्हावं लागतंय की."

मी फोन इंजिनापाशी धरला. इरफाननं दणकून रेस केली.

"ऐकू येतंय का, चाचा?"

"न्हाई गड्या. कायबी ऐकू येत न्हाई."

मागून चाचींचा आवाज आला, "पोरास्नी म्हणावं, गडबड करू नगा. सावकाश हुंदे दुरुस्त."