कुस्कोला अर्धलीनं दिलेली पुरी

पेरू देशात कुस्को नावाच्या गावी माझं एक जनावर आहे. मी स्वतः पेरूला कधी गेलेलो नाही. गेलो तो आयर्लंडला, तोही तीन महिन्यांसाठी म्हणून, आणि २०२० साली विमानं बंद झाली तेव्हापासून इथंच आहे.

मुलगा नितीन डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहतो. तो कम्प्युटरात आहे, सून वैशालीही कम्प्युटरात. नात ईरा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत येतं, तेही गाणं म्हटल्यासारखं. मी चौथीत शाळा सोडली (शाळेनं मला सोडलं, असं नितीन म्हणतो), पण चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. एकदा पाहिलेलं जनावर मी दहा वर्षांनी गर्दीत ओळखतो. हे मी इथं सगळ्यांना सांगितलेलं आहे. शेजारच्या आयरिश बाईलाही सांगितलं, मराठीत. ती "ग्रँड" म्हणाली. (इथं छान, बरं, चालेल, सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.)

वैशालीला लग्नाच्या आधीपासून कुस्को बघायचं होतं. तिकिटं काढली आणि जगच बंद पडलं. म्हणून तिच्या वाढदिवसाला नितीननं कुस्कोच टीव्हीवर आणायचं ठरवलं. मारिसोल नावाची तिकडची मुलगी मोबाईल हातात धरून शनिवारचा बाजार हिंडणार आणि आम्ही सोफ्यावर बसून बघणार. ती आम्हाला दिसणार, आम्ही तिला दिसणार. आपल्या दुपारच्या चहाला तिकडे सकाळचा बाजार भरलेला असतो. नितीननं मला एकच विनंती केली. "बाबा, आज तिचा दिवस आहे. तुम्ही फक्त बघा."

मी फक्त बघतच होतो. जांभळा मका, त्याचं जांभळंच सरबत. काळे बटाटे, गुलाबी बटाटे, बोटाएवढे वाकडे बटाटे, थंडीत वाळवून दगड केलेले पांढरे बटाटे. उंच टोप्या घातलेल्या बायका, पाठीवरच्या रंगीत झोळीत पोर. वैशालीचा चेहरा असा फुलला होता की मलाच बरं वाटलं. तिला ओढ होती ती विणणाऱ्या बायकांच्या रांगेची. तिथं लोकर झाडपाल्यात रंगवतात, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

पण त्या रांगेच्या आधी जनावरांची ओळ लागली.

एक बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत ससाही नव्हे न् उंदीरही नव्हे अशी तपकिरी जनावरं. वैशाली म्हणाली, हे गिनीपिग. एक गिऱ्हाईक त्यातलं एक उलटंसुलटं करत होतं, आणि त्याला जनावर धरताही येत नव्हतं. मला राहवेना.

"आगं, तिला इचार तर, काय सांगती म्हणून."

वाढदिवस असल्यानं वैशाली उदार होती. तिनं मारिसोलला विचारलं, मारिसोलनं त्या बाईला. बाईनं आकडा सांगितला. मी हसलो. (पहिल्या आकड्याला हसायचं असतं, नाहीतर विकणाऱ्याचा अपमान होतो.) मग टीव्हीपुढं बोटं नाचवली. बाईनं मोबाईलमध्ये वाकून बघितलं आणि एक पायरी खाली आली. मी आणखी दोन बोटं मिटली. तिनं कपाळावर हात मारला, पाठ फिरवली, देवाला साक्षी ठेवलं. मी ओळखलं, ही आपल्यातलीच. शेवटी तिनं मोबाईलवर फाडकन टाळी दिली आणि एक जनावर उचलून मारिसोलच्या हातात ठेवलं.

नितीननं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"बाबा," वैशाली म्हणाली, "तुम्ही गिनीपिग विकत घेतलंत."

"मी नुसता भाव करत होतो."

"हो. तिनं त्या भावात दिलं."

नितीन म्हणाला, नको म्हणून सांगू या. मी म्हटलं, टाळी दिल्यावर मागं फिरणाऱ्याला पुढच्या बाजारात कोणी चहा विचारत नाही. तुम्ही पुढच्या बाजाराला कुस्कोला जाणार आहात का, असं त्यानं विचारलं. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

मारिसोलनं पैसे चुकते केले आणि फार अदबीनं विचारलं, की हे इथंच साफ करून घेऊ, का भाजून? तिकडे म्हणे सणाचं पक्वान्न आहे! मी माळकरी माणूस. गळ्यातली तुळशीची माळ हळूच शर्टाच्या आत सरकवली. ईरा सोफ्यावरून उतरून टीव्हीपुढं आडवी उभी राहिली.

"आजोबा, यू बॉट हर. यू हॅव टू माइंड हर."

माइंड म्हणजे इथं सांभाळणं. तिनं तिथल्या तिथं नाव ठेवलं, पुरी. (खाऊ नये म्हणून वाचवायच्या जनावराला खायचंच नाव.) डाव्या कानावर पांढरा ठिपका आहे, म्हणजे हरवली तरी सापडेल, हेही तिनंच सांगितलं.

पुढचा सगळा बाजार आम्ही पुरीसकट बघितला. मारिसोलच्या पिशवीतून तिचं डोकं बाहेर, आणि प्रत्येक दुकानी तिचं कौतुक. पाल्याच्या दुकानात एका बाईनं तिच्या पोटात भरायला कोणता पाला चांगला ते दाखवलं. बटाटेवाल्यानं सोबतीला कोणते बटाटे घ्यावेत ते निवडून दिलं. ईरानं कान झाकून घेतले. शेवटी एकदाची विणणाऱ्यांची रांग आली. वैशालीनं विचारलं, हा लाल रंग कशाचा? बाईनं पिशवीकडं पाहिलं आणि आधी पुरी विस्तवावर किती वेळ ठेवायची ते सांगितलं. एवढ्यात वेळ संपली. वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. ओझं जास्त झालेला बैल गाडीवानाकडं पाहतो तसं.

आता पुरीचं काय करायचं? मारिसोल भाड्याच्या खोलीत राहायची, तिथं जनावर चालत नव्हतं. गावाबाहेर तिची आजी होती. तिच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती असली जनावरं मोकळी हिंडतात म्हणे. पण सणाला आजी त्यातलंच एक चुलीवर ठेवते, हेही मारिसोलनं खालच्या आवाजात सांगितलं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी म्हातारीला माझ्यासमोर आण.

म्हातारी आली. माझ्याएवढीच, आणि बघण्यातही माझ्यासारखीच खडूस. मी वैशालीकडून बोलणी लावली. पुरी मी अर्धलीनं देणार. जनावर माझं, चारा-राखण तिची, पिल्लं निम्मी निम्मी, आणि पुरीला चूल दाखवायची नाही. वैशालीचं मारिसोलला सांगून होतंय, मारिसोल तोंड उघडतेय, तोवर म्हातारीनं एका हाताची कड दुसऱ्या तळव्यावर सुरीसारखी मारली. निम्मं! त्यांच्यातही हीच रीत आहे. ईरानं माझ्या गालाचा मुका घेतला. वर म्हातारी विणणारी निघाली. निवडुंगावरचे किडे तळहातावर चिरडून तिनं वैशालीला लाल रंग करून दाखवला. मग दर शनिवारी चहाला कुस्को ठरलेलं. वैशाली रंग बघायची, ईरा पुरीला हात हलवायची, आणि म्हातारी मला माझ्या वाट्याची पिल्लं दाखवायची.

२०२१ च्या जूनमध्ये तिकडे मोठा सण झाला. त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी म्हातारीनं पुरी वर धरली आणि मी सोफ्यावरून पुढं सरकलो. पांढरा ठिपका उजव्या कानावर होता.

म्हातारी हसत होती. ईरा शेजारीच बसलेली. ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मोबाईलात डावं-उजवं उलटं दिसतं हां, बाळा."

"दॅट्स ग्रँड, आजोबा," ती म्हणाली.

प्रसंग निभावला. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन वैशालीला सगळं हळू आवाजात सांगितलं. जनावर बदललंय, माझी नजर फसत नाही, पण पोरीला कळू देऊ नकोस, तिचा जीव आहे त्याच्यावर.

वैशालीनं गॅस बारीक केला.

"बाबा, तिला सणानंतरच्या पहिल्याच शनिवारी कळलं. दोन दिवस रडली. मग मला म्हणाली, आजोबांना सांगू नकोस. आपल्याला जनावरं ओळखता येतात असं त्यांना वाटतं."

पुढच्या शनिवारी म्हातारीनं पुरी वर धरली. या खेपेला कानावर ठिपकाच नव्हता. ईरानं माझ्याकडं पाहिलं, मी ईराकडं.

"शी लुक्स ग्रँड, आजोबा."

चाळीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मीही मान हलवली.