ओढ्यातली पापलेटं

अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक ओढा होता, आणि त्यातल्या प्रत्येक चपट्या माशाला आमच्या मंडळींनी 'पापलेट' ठरवून टाकलं होतं. माझं डोकंच फिरायचं. मी रत्नागिरीची, मत्स्यशास्त्राची पदवी घेतलेली. लग्न करून डिपेंडंट व्हिसावर आले आणि नोकरीला बंदी. चारचौघांत माझी ओळख करून देताना नवरा म्हणायचा, "ही घरीच असते." पदवीचं नावही काढायचा नाही. दोन हजार चार साल होतं, मुलगी दीड वर्षाची होती, आणि मला सगळ्यांचाच राग यायचा.

ते मासे म्हणजे सनफिश. मुलीला बाबागाडीत घालून मी रोज ओढ्यावर जायची. मासे धरायचं लायसन्स काढलं होतं. बारीक गळ आणि गांडुळाचा तुकडा एवढं पुरायचं. हात ओला करायचा, पाठीचे काटे मागे दाबून मासा धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला लाल ठिपका आणि गालावर निळ्या नागमोडी रेघा असल्या तर पम्पकिनसीड. टोक नुसतंच काळं आणि पाठीच्या पराच्या शेवटी काळा डाग असला तर ब्लूगिल. टोक पट्टीसारखं लांब आणि पोट तांबूस, तो रेडब्रेस्ट. आणि ही शहाणी माणसं म्हणे पापलेट!

तिथेच एकदा गमबूट घातलेली एक गोरी बाई भेटली. टाउनच्या ऑफिससाठी ती ओढ्यांतले मासे जाळ्याने धरून मोजायची. तिच्या बादलीतली प्रत्येक जात मी न विचारता सांगून टाकली. ती म्हणाली, जूनमध्ये दर शनिवारी सकाळी ये, पगार मात्र मिळणार नाही. पगार नाही म्हणजे व्हिसाचीही कटकट नाही. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

नवऱ्याला सांगितलं.

"फुकटात? यार, तू सीरियस आहेस? आणि मुलीला कोण बघणार?"

"तू."

"मी आठवडाभर ऑफिसला ड्राइव्ह करून मरतो. वीकेंडला रेस्ट नको मला?"

"माझा वीकेंड कधी असतो रे?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मग आमचा अबोला सुरू झाला. "बाबाला सांग, ताट वाढलंय," असं मी मुलीला सांगायची, आणि ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघायची.

पहिला शनिवार आठवड्यावर आला आणि आदल्या रविवारी त्याचे मित्र सहकुटुंब ओढ्यावर पिकनिकला आले. एकाची आई भारतातून आली होती, तीही सोबत होती. नवरा पुण्याचा, जन्मात मासा न शिवलेला, पण त्या दिवशी माझाच गळ घेऊन पुढे. उथळ पाण्यात ताटाएवढा गोल खळगा होता, झाडून लख्ख केलेला, आणि त्यावर एक पम्पकिनसीड घिरट्या घालत होता. गळ पडताच तो त्यावर तुटून पडला आणि अडकला.

"पापलेट!" सगळे ओरडले.

"सोड त्याला," मी म्हणाले.

"थांब ना, फोटो काढू दे."

कॅमेरा सापडेपर्यंत आजूबाजूचे बारके मासे त्या खळग्यावर धावले होते.

"त्याची अंडी खातायत ते."

"त्याची? अंडी मादी घालते ना?" नवरा म्हणाला. मित्र हसले, आणि माझा तोल सुटला.

"मादी अंडी घालून निघून जाते. घर नर करतो. शेपटीने जागा झाडतो, पिल्लं मोठी होईपर्यंत राखण करतो, धड खातही नाही. कोण बघणार म्हणून विचारत नाही तो कुणाला!"

मग मित्राची आई नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे हे पापलेट तुझ्यापेक्षा बरं की रे!"

सगळे खो खो हसले. त्याने मासा पाण्यात टाकला. मासा तडक खळग्याकडे गेला आणि त्याने बारक्यांना हुसकून लावलं.

"सगळ्यांसमोर माझा पोपट केलास," घरी आल्यावर नवरा म्हणाला.

"मी नाही, माशाने केला."

शनिवारी सकाळी मी झोपलेल्या नवऱ्याच्या शेजारी मुलीला बसवलं, दुधाची बाटली उशाशी ठेवली आणि निघाले. त्याने डोळे उघडले नाहीत, पण तो जागा होता.

दुपारी गुडघ्यापर्यंत चिखलात माखून परतले. दार उघडंच होतं. मुलगी त्याच्या कडेवर, शर्टावर डाळ सांडलेली, फोन मानेत धरलेला. पलीकडून कुणीतरी आमच्याकडे जेवायला येऊ का, असं विचारत असावं.

"नाही रे, ती घरी नाहीये," तो दातओठ खात म्हणाला. "कामावर गेलीय."