पुष्पाबाईने ओतून दिलेला चीक

सुपडूचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये वर्षानुवर्षं कापडाचे रंग कालवून आता घरात फोडणी जळली तरी त्याला पत्ता लागत नसे. पंचाण्णवच्या उन्हाळ्यात मिलमधला रिकामा निळा ड्रम त्याने सायकलला बांधून लिंबायतच्या चाळीत आणला आणि सोडा लावून घासघास घासला. चाळीतल्या बायका त्या ड्रमवर जाम खूश झाल्या.

कुरडयांचे दिवस होते. सुपडूच्या बायकोने, पुष्पाबाईने, साऱ्या चाळीचे गहू त्यातच भिजत घातले. गहू आंबले, वाटून झाले, अंगणातल्या चुलीवर चीक शिजू लागला. गरम चीक दूध-साखर घालून आधी पोरांना द्यायचा, ही खानदेशची रीत सुरतेतही सुटली नव्हती. वाट्या घेऊन पोरं रांगेत बसली. सगळ्यात पुढे सुपडूची हर्षदा.

वाफ वर आली आणि पुष्पाबाईचा हात थांबला. आंबलेल्या गव्हाचा वास तिला ठाऊक होता. त्याच्याआड दुसरा एक वास होता, सुपडूचे मिलचे कपडे भिजवताना रोज येणारा.

शेजारच्या सुंदराबाईने तिला वेड्यात काढलं. चारचौघांत तोंडघशी पडल्यासारखं होऊन सुपडूही खेकसला, की मला तर कसलाच वास येत नाही.

"हाई पोरेसना पोटमा जावाले नको," एवढंच ती म्हणाली. पातेलं उचलून तिने सगळा चीक खड्ड्यात ओतला, वर माती लोटली. पोरांनी भोकाड पसरलं, बायकांनी अबोला धरला.

संध्याकाळी तिने रिकाम्या ड्रममध्ये कढत पाणी ओतून ठेवलं. सकाळी पाण्यावर पिवळट तवंग होता.

सुपडूने तो पाहिला. वाट्यांची ती रांग त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग त्याने करवतीने ड्रमचे तुकडे केले, कुणी उचलून नेऊ नये म्हणून, आणि चूक आपली होती हे घरोघरी जाऊन सांगितलं. देवाने बायको हट्टी दिली, याचे त्याने त्या दिवशी मनापासून आभार मानले.

पुढच्या वर्षी गहू स्टीलच्या पातेल्यांत भिजले. चीक शिजला, सुंदराबाईने पहिली वाटी सुपडूच्या हातात दिली. हर्षदा तोंड उघडून बसली होती. त्याने वाटी पुष्पाबाईपुढे धरली.

"मन्हा नाकना भरोसा नही. पहिले तू वास ले."

तिने वास घेऊन मान हलवली, तेव्हा कुठे त्याने लेकीला घास भरवला.