डावा गाल

सरकारी वृद्धाश्रम आणि दिव्यांगांची वसतिगृहं एकाच विभागात घालायचं ठरत होतं. त्यावर कर्मचाऱ्यांच्या हरकती गोळा करायला युनियननं मला कोल्हापूरच्या कार्यालयात बसवलं होतं. बदल्या, ज्येष्ठता, ड्युटीच्या वेळा, सगळं मी क्रमानं लिहीत होते.

रांगेत शेवटी कबनूरची एक बाई होती. वसतिगृहात, ज्यांना हातानं जेवता येत नाही त्यांना भरवण्याचं काम करायची. बोलताना तिची बोटं घास धरल्यासारखी जुळत.

"ताई, सगळं एक झाल्यावर दर तीन म्हैन्यानं माणूस बदलणार म्हणत्यात. आमच्या एका आज्जीला डाव्या गालातच घास द्यावा लागतोय, न्हाय तर श्वास अडकतोय. तिला बोलता येत न्हाय. नव्या बाईला सांगणार कोण?"

मी नाव विचारलं, तर ती नको म्हणाली. कंत्राटी होती; नाव वर गेलं तर कामही जाणार. निनावी हरकत घेत नाहीत, हे मला सांगावंच लागलं.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून ती उठली. दारातून परत फिरली. "माझं नाव नको की. पण डावा गाल, एवढं तरी लिवा."

तिची हरकत लिहून खाली मी माझं नाव घातलं. उत्तर आलेलं नाही. सोमवारपासून नवी माणसं येतायत, आणि आज्जीला कोण भरवणार ते अजून कुणालाच माहीत नाही.