भेगांचा अल्बम

घर बांधताना मी भूगोलाचा मास्तर आहे, हे कोणालाच आठवलं नाही, मलाही नाही. "काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते," हे वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेणाऱ्या मी अमरावतीच्या कडेला कपाशीच्या वावरातला प्लॉट घेतला आणि त्याच मातीत उथळ पाया घालून मोकळा झालो. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईच्या खोलीच्या भिंतीला खिडकीपासून खाली भेग गेली.

बायकोनं आईची खाट त्याच दिवशी समोरच्या खोलीत आणली.

"पाया खचून राहिला, भिंत पाडा," मिस्त्री म्हणाला.

मी म्हणालो, "पाहू." माझे बहुतेक निर्णय याच शब्दात असतात.

"पाहू म्हन्ता न? मंग दर महिन्याले फोटो काढून पाहा," बायको म्हणाली. "उद्या भिंत आईच्या अंगावर आली त तुमी आमाले भूगोल सांगसान."

मग मी भेगेवर आडवी पट्टी धरून फोटो काढू लागलो. काढायचो, पण नंतर उघडून बघायची हिंमत नव्हती. खोलीत शिरलं की भेग वाढल्यासारखीच वाटायची. वर्ष सरलं, दुसरा उन्हाळा आला, तरी आई समोरच्या खोलीतच, आणि मिस्त्रीचा फोन आला की मी बाथरूममध्ये.

माझी शाळा मूर्तिजापूरकडच्या एका गावात. यंदा तिथं मोठा डिजिटल बोर्ड आला. सातवीच्या पोरांनी ट्रेमध्ये काळ्या मातीचा चिखल थापला, वर स्टँडला माझा फोन अडकवला. शाळेच्या वेळात तो आपोआप फोटो काढायचा. माती तडकली, मग पोरांनी पाणी घातलं, तेही फोटो निघाले. ते सगळे भराभर पळवले की माती हलताना दिसणार होती. मी ते 'भेगा' नावाच्या अल्बममध्ये टाकले. या नावाचा अल्बम फोनमध्ये आधीच होता, हे माझ्या ध्यानातच नाही.

फोन बोर्डाला जोडला. पहिल्या बाकावरच्या पोरीनं बटण दाबलं. माती तडकली, पाणी पडताच मिटली. टाळ्या! आणि मी थांबवायच्या आत बोर्डभर गुलाबी भिंत.

"सर, हे कोनाचं घर व्हय जी?"

"आहे एकाचं."

"पट्टी त तुमचीच दिसते. अंगठाही तुमचाच आहे तिच्यावर."

माझ्या टेकलेल्या अंगठ्यासकट महिने सरकत होते. भेग उघडली, बारीक झाली, पुन्हा उघडली.

"भिंत मातीवानीच करून राहिली न सर!" मागून कोणीतरी ओरडलं.

पोरीनं फोटो मागं नेले आणि पट्टीवरचे आकडे वाचून दाखवले. उन्हाळ्यात पेन्सिल शिरेल एवढी. पावसाळ्याअखेर केसाएवढी. यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा पेन्सिलीएवढी.

"म्हणजे वाढली?" मी विचारलं.

"कुठं वाढली सर? मांगच्या उन्हायात होती तेवढीच आहे."

मी तिला परत वाचायला लावलं. मग तिच्या शेजारणीला. मग खुर्चीत बसलो.

"सर, रडून राहिले का?"

"खडूची धूळ गेली डोळ्यात."

"सर, या बोर्डाले खडू कुठं लागते?"

नुसतं सातवीच्या निकालावर विसंबणं बरं नव्हे, म्हणून रविवारी इंजिनिअरला बोलावलं. त्यानं फोटो पाहिले, पाया उकरून पाहिला आणि तेच सांगितलं: पाया खचत नाही, माती हलते तशी भिंत हलते. घराभोवती फरशी टाका, न्हाणीचं पाणी लांब न्या. पाडायची गरज नाही.

तो गेल्यावर बायकोनं ते फोटो स्वतः पळवून पाहिले.

"म्हंजे पाडाची नाई?"

"नाही."

"नक्की? का पाहू?"

"नक्की."

ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. आम्ही दोघांनी मिळून आईची खाट आत नेली. आई आडवी झाली. मीही जरा टेकावं म्हणून भिंतीला पाठ लावून खाली बसलो. नंतरचं मला आठवत नाही. चहा झाला तेव्हा बायकोनं दोन हाका मारल्या म्हणे, आणि मग आईला म्हणाली, "राहू द्या, आई. वर्षभराचा जागा हाये मानूस."