हळदीचा अंगठा

वाचनालयाची मासिक पुस्तकं आमच्या घरी सगळ्यांच्या शेवटी येत. ठाण्याच्या त्या वाचनालयाची तेव्हा रीतच अशी होती, की नव्या मासिकाचा एकच अंक घ्यायचा आणि तो वर्गणीदारांच्या घरोघर पाळीनं फिरवायचा. पहिल्या वर्गातले वकील नि मामलेदार आधी, मग दुसऱ्या वर्गातले, आणि अगदी शेपटाला आमच्या स्वारीसारखे कचेरीतले कारकून. वाचनालयाचा शिपाई खांद्याला पिशवी लावून यायचा, एका दारातून अंक उचलायचा आणि पुढच्या दारात द्यायचा.

आमच्याकडे पोचेपर्यंत त्या अंकाचं पार पोतेरं झालेलं असे. वकिलांच्या तपकिरीचा वास पहिल्या पानापासून सुरू होई. मधल्या कुठल्याशा घरातला एक शहाणा समासात शिसपेन्सिलीनं शेरे मारी. कादंबरीतली नायिका रडली की ‘अतिशयोक्ती’, नायक रडला की ‘शोभत नाही’. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की समोर सापडता तर पेन्सिल हिसकावून घेतली असती. मी मुळातच तापट. माहेरी आई म्हणायची, हिला सासर कसं झेपणार.

सासर तसं वाईट नव्हतं. माहेर रत्नागिरीकडचं, गलबतानं यायचं आणि मग वर्ष वर्ष जायचं नाही. घरात आम्ही तिघंच. स्वारी सकाळी जेवून कचेरीत जाई ती दिवेलागणीला परत, आणि तोंडातून शब्द निघाला तर नशीब. सासूबाई विधवा. लाल आलवण, सोवळं कडक, बोलणं मोजकं. त्यांनी मला कधी हात लावला नाही की शिवी दिली नाही. मी वाचते हे त्यांना पसंत नव्हतं, पण मुलानंच शिकवलेली सून, बोलणार काय? “वाचायचं तर दार लोटून वाच,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बाकी दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे मीठ संपलंय आणि दूध उतू जातंय.

त्या वर्षी मासिकात एक कादंबरी क्रमशः येत होती. सरदाराच्या मुलीला लग्नाच्या दिवशी पळवून एका किल्ल्यात कोंडलेलं, आणि तिला सोडवायला निघालेला नायक दर महिन्याला कुठे ना कुठे अडकून पडायचा. कधी नदीला पूर, कधी पायात काटा. मला त्या नायकाला हाणावंसं वाटे. आणि हे बोलायला जवळ कोणी नव्हतं. माझा जीव घुसमटायचा म्हटलं तर खोटं नाही. गोष्ट वाचून झाली की ती पोटात तशीच राही, शिळ्या भातासारखी.

अशात एका अंकात मला तो अंगठा दिसला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, पिवळाधमक, रेषा मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट. हळदीचा. पान उलटलं, तिथेही होता. अंक चाळून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की राज्यकारभारावरच्या निबंधांची पानं कोरी करकरीत आणि कादंबरीची पानं मात्र पिवळी. गोष्ट जिथे रंगात आलेली, तिथे अंगठा जास्त गडद. म्हणजे फोडणी टाकता टाकता, हात पुसायचं भान न राहता, कुणीतरी ही गोष्ट वाचत होती.

मला जो आनंद झाला तो कसा सांगू. गावात माझ्यासारखी आणखी एक होती. मी थबकायची त्याच जागी तीही थबकत होती. पुढच्या महिन्यापासून मी अंक आला की आधी अंगठे शोधायची. नायक पुन्हा अडकला त्या पानावर तर तिनं पान जवळजवळ चुरगळलंच होतं. मी मनातल्या मनात तिला म्हटलं, बघ ना गं, याला काही कामाची अक्कल आहे का.

पण पंचाईत अशी, की अंक तिच्याकडून माझ्याकडे यायचा, माझ्याकडून तिच्याकडे कधीच नाही. मी खूण केली तरी ती बघणार कोण? शेवटी मी शिपायालाच विचारलं, की आमच्या आधी अंक कुठे असतो.

तो कोपरीकडचा, घरचं मिठागर होतं त्याचं. म्हणाला, “तल्याकरचे मास्तर हान ना, पेन्शनीतले, त्यांचे घरा. पन आतमंदी मी कधी गेलू नाय. मास्तर उंबऱ्याव उभं ऱ्हाऊन घेतान.”

“आणि त्यांच्या घरात बाईमाणूस?”

“बाई हान म्हनतान. मी नाय बगितल्या.”

शेजारणींकडे चौकशी केली तर सगळ्यांचं तोंड वाकडं झालं. मास्तरांची बायको म्हणजे गर्विष्ठ. हळदीकुंकवाला बोलावणं धाडा, येत नाही. आजारी असते असं मास्तर सांगतात, पण घरात दोन वेळ चूल पेटते, आमटीचा वास रस्त्यापर्यंत येतो. मग रांधतं कोण? आजारी बाई रांधते होय? मला तर ती आणखीच आवडली. चार बायकांत मिरवण्यापेक्षा चुलीपाशी बसून गोष्ट वाचणारी.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बोलावणं करायला मीच निघाले आणि मुद्दाम ते घर गाठलं. पुढच्या दाराशी हाका मारल्या, कोणी ओ देईना. आतून मात्र वाचल्याचा आवाज येत होता. मी वळसा घालून मागीलदारी गेले आणि उंबऱ्याशीच खिळले.

चुलीपाशी मास्तर बसले होते. पंचा नेसलेले, एका हातात पळी. मासिक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं. ते आमटी ढवळत मोठ्यानं वाचत होते आणि त्याच हातानं पान उलटत होते. पलीकडे माजघराच्या दाराला लागून खाट होती. खाटेवर एक बाई, चाळिशीतली असेल, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा पडलेला. तिचे डोळे मात्र असे लखलखत होते, की कादंबरी तिथेच वाचली जातेय हे कुणालाही कळावं.

मास्तरांच्या हातून पळी पडली. मी कोण ते सांगितलं. म्हातारा इतका शरमला की मलाच रडू आलं.

“अर्धांगवायू झाला हिला, दुसरं वर्ष आहे,” ते म्हणाले. “सगळं मीच करतो. मुली, एवढं कर, बाहेर कुठे बोलू नकोस. लोक हसतील त्याचं काही नाही. माझे वडील बंधू गावी आहेत. घरात करणारं कोणी नाही, पुरुषमाणूस चूल फुंकतो, हे त्यांच्या कानावर गेलं तर ते मुलगी बघून मोकळे होतील. मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही.”

खाटेवरच्या बाईनं मान मास्तरांकडे वळवली. बोलता येत नसलं तरी तिला ऐकू सगळं येत होतं.

मी शपथ घेतली आणि घरी आले. त्या दिवसापासून तिची मला काळजी लागली ती लागली. गोष्टीतली मुलगी किल्ल्यात होती, तिचं काय ते लिहिणारा बघून घेणार होता. हिच्या खाटेशेजारी कुणा दहा-बारा वर्षांच्या पोरीला आणून उभं केलं तर हिनं काय करायचं, आणि त्या पोरीनं तरी काय करायचं?

हळदीकुंकवाच्या दिवशी बायका आल्या, पन्हं झालं, वाटली डाळ झाली. तेवढ्यात एकजण म्हणाली, “ऐकलंत का, मास्तरांचे भाऊ आलेत गावाहून. कुणीतरी कळवलं म्हणे त्यांना. कल्याणला मुलगी पाहून आलेत. उद्या मास्तरांना घेऊन ठरवायलाच जायचेत.” दुसरी म्हणाली, “बरंच झालं. घराला बाई नको का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडाला कुलूप. बायका गेल्यावर सांडलेले हरभरे वेचताना मात्र मला राहवलं नाही आणि सासूबाईंपुढे मी सगळं ओकून टाकलं. अंगठा, खाट, मास्तरांच्या हातातली पळी, सगळं. सांगताना मला भीती होती, की त्याही म्हणतील, भावाचं काय चुकलं? त्या हरभरे वेचत राहिल्या.

सकाळी मी उठले तर त्या आंघोळ करून, ओलेत्यानं आलवण नेसून तयार. “चल,” म्हणाल्या, “घर दाखव.”

आम्ही मागच्या दारानं आत गेलो. मास्तर भांबावून बघत राहिले. सासूबाईंनी त्यांना चुलीपासून उठायला सांगितलं, लाकडं मागे सारली, तांदूळ धुतले आणि जणू वर्षानुवर्षं तिथेच रांधत असल्यासारख्या कामाला लागल्या. मी खाटेपाशी बसले. बाईंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. त्यांचा हात थंडगार होता.

थोड्या वेळानं ओसरीवरून बंधूंचा आवाज आला. “आवर लवकर. गाडीची वेळ होईल. पुरुषानं किती दिवस चूल फुंकायची?”

मास्तर खाली मान घालून उभे. तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. परक्या पुरुषाशी त्या बोललेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

“चूल मी बघते इथली,” त्या म्हणाल्या. “पान वाढलंय. जेवून जा.”

“बाई, तुम्ही परक्या. आमच्या घरच्या गोष्टीत पडू नका.”

“पडत नाही. रांधते.”

“आणि किती दिवस रांधाल?”

“मरेपर्यंत. मग ही आहे,” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी जोरात मान हलवली.

त्या वेळी मास्तरांना कंठ फुटला. फार काही नाही, “दादा, मी येत नाही,” एवढंच म्हणाले. पण आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. बंधू तणतणले, जेवले मात्र पोटभर, आणि दुपारच्या गाडीनं एकटे गेले. मनगटावरची पकड सैल झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. बाई रडत होत्या. मग त्यांनी डब्याला टेकवलेल्या मासिकाकडे बघून घशातून आवाज काढला. मी उरलेलं प्रकरण वाचून दाखवलं. सासूबाई चूल सारवता सारवता ऐकत होत्या. “सुटली का ती पोर?” त्यांनी विचारलं. नायक पुन्हा अडकलाय म्हटल्यावर त्यांनी त्याला असा शब्द वापरला, की मास्तर खोकलेच.

पुढे शिपाई आमच्या पाळीलाही अंक तिथेच ठेवू लागला आणि आमच्या दुपारी त्या घरात जाऊ लागल्या. पण हे नंतरचं.

त्या दिवशी तळ्याच्या काठानं परत येताना सासूबाई पुढे आणि मी मागे होते. मी विचारलं, “तुम्ही कशा काय तयार झालात?”

“मला अशीच आणलेली,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “दहा वर्षांची होते. ह्यांची पहिली बायको खाटेवर होती. तिचं करायला आणि चूल बघायला म्हणून मला आणलं. मी तिचं सगळं केलं गं. पण पाण्याचं भांडं तोंडाशी नेलं की ती मान फिरवायची. दुसऱ्या कुणीही दिलं तर प्यायची. गेली तोवर माझ्या हातचं एकदाही प्यायली नाही.”

“तुमचा काय दोष होता त्यात?”

“तिचा तरी काय होता?”

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. बहुधा स्वारीलाही नसावं. घरी पोचल्यावर त्या ओसरीवर टेकल्या. ऊन लागलं होतं, चेहरा उतरला होता. मी आतून पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भांडं धरलं आणि कितीतरी वेळ तोंडाला लावलं नाही.